दोन खात्यांच्या वाटणीतलं लेकरू

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये दिव्यांग मुलांविषयीची प्रशिक्षणं शिक्षकांना नवी नाहीत. तरीही असं मूल वर्गात आलं की ‘ते विशेष शिक्षकांचं काम’ हेच उत्तर बहुधा मिळतं. यात शिक्षकाचा दोष कमी, सरकारी वाटणीचा जास्त.

दिव्यांग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकवावं, असं कोठारी आयोगानं (१९६४-६६) सुचवलं होतं. १९७४ मध्ये केंद्रानं एकात्म शिक्षणाची योजना आणली, पण ती सोपवली समाजकल्याण खात्याकडे. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. विशेष शाळा मात्र राज्यात पुढेही कित्येक वर्षं समाजकल्याणकडेच राहिल्या. पुढे १९९२ च्या कायद्यानं विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेकडे गेले, तर १९९३ च्या कायद्यानं नेहमीचं डी.एड., बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे. शिक्षकांच्या अशा दोन जाती तिथेच पक्क्या झाल्या.

मराठवाड्यात खरी हालचाल झाली ती जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमामुळे. १९९४ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात निवडलेले पाचही जिल्हे इथलेच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. निकष होता स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असण्याचा. मागासलेपणाचा असा फायदा क्वचितच होतो. दिव्यांग मुलांचं शिक्षण या कार्यक्रमात नंतर जोडलं गेलं. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानानं तीच घडी पुढे चालवली आणि कंत्राटी विशेष शिक्षक गावोगाव फिरू लागले.

प्रशिक्षणाची रीत मात्र उतरंडीची. राज्यावरून जिल्ह्याला, तिथून तालुक्याच्या गट साधन केंद्रात, मग केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर. प्रत्येक पायरीवर दिवस कमी आणि ऐकणारे जास्त. केंद्रावरच्या सत्रात ब्रेलची एकच पाटी आणि शलाका हातोहात फिरते. टोचायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचायचं कागद उलटून डावीकडून उजवीकडे, हे कळेपर्यंत चहा येतो. मग कुणीतरी नेमकं विचारतं, “सर, एका खोलीत दोन वर्ग बसतात. त्यात या एका लेकराकडं कधी बघू?” याचं उत्तर प्रशिक्षणाच्या घटकसंचात छापलेलं नसतं.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक अडचण. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबं फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. दिव्यांग मुलांचं तपासणी शिबिर नेमकं मधल्या काळात लागलं, तर मुलाचं नाव यादीत चढतच नाही, साहित्यही मिळत नाही.

२०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या, म्हणजे वरून न दिसणारं ओळखण्याचं काम थेट वर्गशिक्षकावर आलं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेचा विषय त्याआधीच सक्तीचा झाला होता. पण इथले बहुतेक गुरुजी जुन्या डी.एड.चे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं ठरवलं. राज्यानं २०२४ मध्ये केंद्रनिहाय एक याप्रमाणे ४,८६० पदांचा निर्णय घेतला. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. विशेष शिक्षकानं रोज एक शाळा केली तरी त्याच शाळेत त्याची पुढची फेरी दोन-तीन आठवड्यांनी, आणि मधले सगळे तास वर्गशिक्षकाचेच.