ओव्हनचं वायरिंग आणि एमसीबीला न दिसणारा ढिला स्क्रू

मिक्सर दोन-तीन मिनिटं चालतो आणि थांबतो. कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन तसा नाही. तो आधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने तापतो आणि मग थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर तासभर बंद-चालू होत राहतो. त्याचं वायरिंग वेगळं करायचं ते याच कारणासाठी. नवं सर्किट ओढण्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं. पण तो काय करतोय हे घरातल्या एकाला तरी समजायला हवं.

आधी ओव्हनच्या पाटीवरचे वॅट पाहा आणि त्यांना २३०ने भागा. ३,००० वॅटचा ओव्हन १३ अँपिअर घेतो, ३,५०० वॅटचा १५.२. व्होल्टेज वाढलं की कॉइलमधला करंटही वाढतो. लाइन २५० व्होल्टवर गेली तर तोच ३,५०० वॅटचा ओव्हन साडेसोळा अँपिअर ओढतो, आणि घरातला मोठा सॉकेट असतो १६चा. म्हणून ३,००० वॅटपर्यंत १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप (प्लग) आणि १६चा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ठीक आहे. त्याहून मोठ्या ओव्हनला टॉप नको. २० अँपिअरचा एमसीबी आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच लावून थेट जोडणी करावी. स्विच किंवा सॉकेट ओव्हनच्या पाठीमागे कधीच नको. तिथे उष्णता कोंडते आणि अडचणीच्या वेळी हातही पोहोचत नाही. शेजारच्या कपाटात घ्या. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा पाहून घ्या.

मेन बोर्डापासून वायर तांब्याची, ४ एमएमची. (दुकानात एमएम म्हणतात, पण तो ४ चौरस मिलिमीटरचा छेद असतो.) अडीचची वायर १३ अँपिअरला कागदावर पुरते. पण एकाच पाइपात चार-पाच वायरी कोंबल्या आणि भिंत गरम असली की तिची क्षमता घटते. एमसीबी वायरचं रक्षण करण्यासाठी असतो. तो सारखा पडतो म्हणून ३२चा बसवला, तर वायर जळेपर्यंत तो शांत बसेल.

आता खरा धोका. टर्मिनलचा स्क्रू ढिला राहिला आणि तिथे फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला, तर १३ अँपिअरला त्या एका बिंदूवर जवळपास १७ वॅट उष्णता निर्माण होते. १३ गुणिले १३ गुणिले ०.१, एवढं साधं गणित आहे. हरभऱ्याएवढ्या जागेत एवढी उष्णता म्हणजे प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी, मग कोळसा. करंट मात्र वाढलेला नसतो, म्हणून एमसीबी पडत नाही. करंट जमिनीकडे गळतही नसतो, म्हणून गळती पकडून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीलाही पत्ता लागत नाही. तापणं आणि निवणं या फेऱ्यांत तांबं प्रसरण-आकुंचन पावतं आणि ढिलाई वाढतच जाते.

म्हणून वायरच्या टोकांवर नीट लक्ष द्या. टर्मिनलमध्ये मावत नाहीत म्हणून बारीक तारांपैकी काही कापून टाकणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. तसं करू देऊ नका. योग्य मापाचं लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून बसवा. टोकाला डाख लावू नका, दाबाखाली शिसं-कथील हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. कसल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहा.

रंगांत मोठा घोटाळा होतो. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. ओव्हनच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. थ्री-फेज घरात निळी वायर हा तिसरा फेज असतो! निळ्याला निळी जोडली की कॉइलवर ४१५ व्होल्ट येतात आणि ती सव्वातीन पट वॅट घेऊ पाहते. काही ओव्हनच्या टर्मिनलवर पितळी पट्ट्या असतात. सिंगल फेजसाठी त्या आकृतीप्रमाणेच ठेवायच्या. एखादी निघाली तर काही कॉइल थंडच राहतात.

जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल, तर सॉकेटमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेली जाते. पुढे ती न्यूट्रल कुठे तुटली, तर ओव्हनचं सगळं धातूचं अंग २३० व्होल्टवर जातं. हे मुळीच मान्य करू नका. आधी अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

पावसाळ्यात आणलेला नवा ओव्हन पहिल्यांदाच लावला आणि आरसीसीबी पडला, तर घाबरू नका. कॉइलच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा शोषते आणि थोडा करंट ओव्हनच्या धातूच्या अंगाकडे गळतो. म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणी करणं मात्र जिवावर बेतू शकतं. वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन मोजू द्या. ओलावाच असेल तर कॉइल सुकवली की आकडा सुधारतो. न सुधारल्यास कॉइल बदलायची.

सगळं झालं की ओव्हन रिकामा ठेवून पूर्ण तापमानावर तासभर चालवा. मग तो बंद करा, टॉप काढा आणि त्याच्या पिना हाताच्या पाठीने जपून पाहा. कोमट लागल्या तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर मेन बंद करून तो सॉकेट उघडायला लावा. महिन्याभराने सगळे स्क्रू वायरमनकडून पुन्हा एकदा कसून घ्या.