भरणी, मुंबईतील

खाडी, खाजण किंवा उथळ समुद्रात मातीदगडांचा भराव घालून जमीन तयार करण्याची पद्धत. शहरे सहसा भोवतालची शेते आणि गावे पोटात घेत पसरतात. मुंबई बेटाला ती सोय नव्हती. त्यामुळे या शहराच्या वाढीचा विचार भरणीपासूनच सुरू करावा लागतो.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळ सात बेटे मानली जातात. टॉलेमीने इ. स. दुसऱ्या शतकात उल्लेखिलेला ‘हेप्टानेशिया’ म्हणजे हीच बेटे, असे जुने अभ्यासक मानत. मात्र तो उल्लेख मुंबईचाच, असे खात्रीने म्हणता येत नाही. सात सुटी बेटे हे चित्रही बहुधा नंतरच्या नकाशांनी रूढ केले असावे. मधली खाजणे भरतीला बुडत आणि ओहोटीला उघडी पडत, त्यामुळे बेट कोठे संपते हे वेळेवर अवलंबून असे.

महालक्ष्मी आणि वरळी यांमधल्या मोठ्या खिंडारातून भरतीचे पाणी थेट बेटाच्या मध्यभागी शिरत असे. ते अडवणारा बांध हॉर्नबी वेलार्ड (आताचा लाला लजपतराय मार्ग) या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्णतेचे साल सर्वसाधारणपणे १७८४ देतात. १७८२ असेही आढळते. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीने ईस्ट इंडिया कंपनीच्या मंजुरीची वाट न पाहता काम काढले, नकाराचे पत्र आल्यावर ते दडवून ठेवले आणि बांध पुरा केला, अशी कथा सांगतात. बांध वारंवार खचू लागल्यावर रामजी शिवजी प्रभू यांना दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती निघाल्या आणि मग काम तडीस गेले, ही आख्यायिका महालक्ष्मीच्या देवळाशी जोडलेली आहे. कंपनीच्या दप्तरावर आधारलेले अलीकडचे संशोधन मात्र खिंडारे बुजवण्याचे मुख्य काम अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले ठरवते. पुराव्याचे वजन याच मताकडे अधिक झुकते. तसे असल्यास हॉर्नबीच्या वाट्याला मजबुतीकरण आणि डागडुजी उरते.

बांधामुळे समुद्र अडला, पण जमीन सखलच राहिली. कामाठीपुरा, ताडदेव या भागांतील पाणथळी पुढे शहराचा केरकचरा टाकून हळूहळू भरल्या गेल्या. १८३८ मध्ये कुलाबा आणि १८४५ मध्ये माहीम-वांद्रे हे जोडरस्ते झाले. अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला भाव आला आणि त्या नफ्यातून भरणी कंपन्यांच्या समभागांवर सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. पूर्व किनाऱ्याचे काम १८७३ पासून बंदर न्यासाकडे गेले.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सुरू झालेल्या, दक्षिण मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील उपसागर भरून काढण्याच्या बॅकबे योजनेत ८ गट आखले होते, त्यांतले ४ च तेव्हा पुरे झाले. वकील खुर्शीद नरिमन यांनी तिच्यातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला आणि मानहानीच्या खटल्यातही ते जिंकले. स्वातंत्र्योत्तर भरणीतून उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटला त्यांचेच नाव आहे.

नागरी भूगोलात वाढीची तीन प्रारूपे शिकवली जातात : बर्जेसची गाभ्याभोवतीची वर्तुळे (१९२५), हॉइटची वाहतूकमार्गांच्या कडेने लांबणारी क्षेत्रे (१९३९) आणि हॅरिस-उलमन यांची अनेक केंद्रे (१९४५). बर्जेसच्या प्रारूपात व्यापारी गाभा मध्यभागी असतो. मुंबईत तो दक्षिण टोकाला आहे, आणि वस्ती १८५३ नंतर रेल्वेमार्गांच्या कडेने उत्तरेकडे लांबत गेली. १९७७ पासून नियोजित झालेले वांद्रे-कुर्ला संकुल तिसऱ्या प्रारूपाशी जुळते. तेही मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव घालून झाले. जुन्या शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली, तर उपनगरे वाढतच होती.

भरणीची खरी किंमत पावसाळ्यात कळते. नाल्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने, उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून दरवाजे बंद ठेवावे लागतात. मग शहरातले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. दादरजवळचा हिंदमाता परिसर या कारणाने वर्षानुवर्षे तुंबत आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह यांसारखी उदंचन केंद्रे उभारून पंपांनी पाणी समुद्रात फेकण्याची व्यवस्था झाली.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरणीला आळा घातला. सागरी किनारा मार्गासाठी मात्र ती पुन्हा झाली. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी या मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये होड्यांना पुरेशी वाट हवी म्हणून काम रोखले होते. खडकाळ तळ, पाण्याची जोराची ओढ आणि वारा यांत ६० मीटरच्या फटीतून होडी काढणे धोक्याचे, हे त्यांचे म्हणणे पिढीजात अनुभवाचे होते. अखेर ते अंतर १२० मीटर करण्यात आले.