खंदकातला विनोद, १/३५ मापात

एक वयस्कर सार्जंट एका हाताने डोळे झाकून उभा आहे. दुसऱ्या हातातलं पिस्तूल त्याने समोरच्या जीपच्या बॉनेटवर रोखलंय. जीपचं पुढचं चाक मोडून वाकडं झालंय. सार्जंट जुन्या घोडदळातला आहे. घोड्याचा पाय मोडला की त्याला तडफडत ठेवायचं नाही, स्वारानेच गोळी घालून मोकळं करायचं, ही त्याच्या पलटणीची रीत. घोडे गेले, जीपगाड्या आल्या, पण रीत काही सुटली नाही. बिल मॉल्डिन या अमेरिकन सैनिकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेलं हे व्यंगचित्र कळायला एकाही शब्दाची मदत लागत नाही. विनोदी लष्करी डायोरामासाठी, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी रचलेल्या देखाव्यासाठी, यापेक्षा चांगला विषय सापडणं अवघड आहे.

१/३५ मापात, म्हणजे मूळ आकाराच्या पस्तिसाव्या भागाएवढी, ही जीप साधारण साडेनऊ सेंटिमीटरची होते आणि सार्जंट पाच सेंटिमीटरचा. सगळा देखावा तळहातावर मावतो. पण तो तिथवर यायला बराच काळ जावा लागला, कारण युद्धाची प्रतिकृती आणि युद्धावरचा विनोद या दोन परंपरा वेगवेगळ्या घरांत वाढल्या.

प्रतिकृतीचं घर गंभीर होतं. विल्यम सायबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे १८३० मध्ये वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल करण्याचं काम आलं. तो रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून राहिला. त्याने सगळी जमीन मोजली. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, असं विचारलं. १८३८ मध्ये लंडनकरांना पाहायला मिळालेल्या त्या मॉडेलवर धातूचे सुमारे ७५,००० सैनिक होते. विजयात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या प्रशियन सैन्याचा वाटा किती दाखवायचा यावरून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाशी सायबर्नचं बिनसलं आणि पुढे त्याला बरेच प्रशियन सैनिक उचलून घ्यावे लागले. प्रतिकृतीकडे तेव्हा पुरावा म्हणून पाहिलं जात होतं, म्हणून तर तिच्यावरून एवढं भांडण झालं. त्यात हसण्याला जागा नव्हती. शिवाय ते सैनिक जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे. विनोदाला चेहरा लागतो, खांद्यांचा उतार लागतो, थकलेल्या पावलांची ठेवण लागते. एवढ्याशा आकारात यातलं काहीच दिसत नाही.

विनोदाची परंपरा खंदकातून वर आली. ब्रूस बेअर्न्सफादर १८८७ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मरी इथे जन्मला. पहिल्या महायुद्धात तो रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटमध्ये अधिकारी होता. १९१४ च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांबाहेर येऊन एकमेकांना भेटले, तेव्हा तो तिथे हजर होता. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या दुसऱ्या लढाईत तो जखमी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘द बायस्टँडर’ या साप्ताहिकात त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र छापून आलं. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात दोन सैनिक गळ्यापर्यंत रुतून बसलेत, भोवती गोळे फुटताहेत, आणि झुबकेदार मिशांचा सैनिक कुरकुरणाऱ्या सोबत्याला सुनावतो की, याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर जा की तिकडे! हा मिशाळ सैनिक ‘ओल्ड बिल’ म्हणून घराघरांत पोचला. ब्रिटिश सैनिकाचं हे गबाळं रूप सुरुवातीला काही वरिष्ठांना पसंत नव्हतं. पुढे मात्र लष्करानेच बेअर्न्सफादरला अधिकृतपणे व्यंगचित्रं काढायला नेमलं आणि दोस्तराष्ट्रांच्या सैन्यांनीही त्याला बोलावून घेतलं.

मॉडेल करणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यानंतर घडली. ओल्ड बिल कागदावर राहिला नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ग्रिमवेड्स या कारखान्याने बेअर्न्सफादरची चित्रं चिनी मातीच्या भांड्यांवर छापली. त्याच्या डोक्याचे पितळी पुतळे मोटारींच्या रेडिएटरवर बसायला लागले. लंडनच्या बी-टाइप बसगाड्या युद्धात सैनिक वाहून न्यायला पश्चिम आघाडीवर गेल्या होत्या. त्यांतली बी-४३ क्रमांकाची बस पुढे ‘ओल बिल’ नावानेच ओळखली गेली. तिच्या रेडिएटरच्या झाकणावर ओल्ड बिलचं पितळी डोकं आहे, आणि ती आज इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. माझ्या मते विनोदी लष्करी मॉडेलचा मूळपुरुष शोधायचा तर तो या पितळी डोक्यात आहे. व्यंगचित्रातल्या माणसाला नाक, मिशा, टोपी आणि गळपट्ट्यासकट सगळ्या बाजूंनी घडवावं लागलं, ते अशा मूर्तींतच. चित्रकाराने पाठमोरा ओल्ड बिल कसा दिसतो याचा विचार केला नसता तरी चाललं असतं. मूर्ती घडवणाऱ्याला तो करावाच लागला, आणि आजही डायोरामा करणाऱ्याची पहिली अडचण हीच असते.

मॉल्डिन दुसऱ्या महायुद्धातला. १९२१ मध्ये न्यू मेक्सिकोत जन्मलेला हा मुलगा ४५ व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर सिसिलीत आणि इटलीत होता, तिथल्या कॅसिनो या गावाजवळ उखळी तोफेच्या माऱ्यात तो जखमीही झाला. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी वर्तमानपत्रात त्याची विली आणि जो ही जोडी छापून येई. दोघेही दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले, पाठीत वाकलेले. १९४५ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ज्या चित्राचा त्यासाठी गौरव झाला त्यात मथळा ताज्यातवान्या, विजयी फौजेचा आहे, आणि खाली पावसातून चाललेला अमेरिकन सैनिक त्याच्या कैद्यांइतकाच खंगलेला आहे.

अमेरिकेच्या थर्ड आर्मीचा सेनापती जनरल पॅटन याला ही जोडी अजिबात खपली नाही. दाढी, टाय, हेल्मेट याबाबत तो कमालीचा कडक होता आणि मॉल्डिनच्या चित्रांमुळे शिस्त बिघडते असं त्याचं म्हणणं होतं. १९४५ च्या सुरुवातीला त्याने मॉल्डिनला लक्झेंबर्गमधल्या आपल्या मुख्यालयात बोलावून खडसावलं. पण सरसेनापती आयझेनहॉवरच्या कचेरीने मॉल्डिनला मोकळीक दिली होती, त्यामुळे चित्रं चालूच राहिली. या वादाशी जोडलेलं एक चित्र तर डायोरामासाठीच काढल्यासारखं आहे. रस्त्याकडेला भलीमोठी पाटी: तुम्ही थर्ड आर्मीच्या हद्दीत शिरत आहात. त्याखाली दंडाचे दर. हेल्मेट नाही, इतके डॉलर. दाढी केलेली नाही, इतके. टाय नाही, इतके. पाटीसमोर थांबलेल्या जीपमधला एकजण दुसऱ्याला सांगतो की, साहेबांना वायरलेसवर कळव, हजार मैलांचा वळसा घ्यावा लागतोय, उशीर होईल.

हे चित्र मापात उतरवताना सगळा भार त्या पाटीवर येतो. खऱ्या पाटीवरचं दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर १/३५ मध्ये तीन मिलिमीटरपेक्षाही थोडं लहान होतं. तेवढं वाचता येतं, पण जेमतेम. म्हणून पाटी पाहणाऱ्याकडे तोंड करून आणि जीप तिच्यासमोर तिरकी ठेवावी लागते. नजर आधी दंडाच्या दरांवर जाते, मग त्या दोघांच्या वाढलेल्या दाढ्यांवर, आणि हा क्रम उलटला तर विनोद पडतो. सपाट कागदावर हा क्रम चित्रकाराच्या हातात असतो. डायोरामाभोवती माणूस फिरू शकतो, त्यामुळे तो बेसच्या, म्हणजे खालच्या पायाच्या, आकारातून आणि मांडणीतूनच साधावा लागतो.

ब्रिटिशांच्या बाजूला उत्तर आफ्रिकेत लढून इटलीत गेलेल्या आठव्या सैन्याचे ‘टू टाइप्स’ होते. जॉन या नावाने चित्रं काढणाऱ्या वेल्श चित्रकाराचे हे दोन अधिकारी म्हणजे मोठाल्या मिशा, कॉर्डरॉयच्या विजारी, साबरी चामड्याचे बूट आणि गणवेशाच्या नियमांना पूर्ण फाटा. त्यांच्या डायोरामात कपड्यांचं काम कठीण.

विनोद विमानांवर आणि रणगाड्यांवरही रंगवला जात होता. डिस्नेच्या स्टुडिओने युद्धकाळात लष्करी तुकड्यांसाठी सुमारे १,२०० बोधचिन्हं तयार केली. जर्मन वैमानिक अडॉल्फ गॅलंडच्या मेसरश्मिटवरही सिगार ओढणारा मिकी माउस होता. मॉडेलच्या डेकल शीटवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर, अशी चिन्हं बारकाईने छापली जातात, म्हणजे अगदी गंभीर मॉडेलवरसुद्धा त्या काळातलं एखादं व्यंगचित्र आपसूक येऊन बसतं.

प्रतिकृती आणि विनोद या दोन्ही परंपरा एकत्र आल्या त्या प्लास्टिकच्या मॉडेलमुळे. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग या कंपनीची पेंग्विन ही प्लास्टिक मॉडेलची मालिका १/७२ मापात निघाली होती. एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमान आणलं. पण विनोदासाठी १/७२ चा सैनिक फारच लहान पडतो, अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर. चेहरा दिसेल असं माप जपानच्या तामिया कंपनीकडून आलं, आणि तेही योगायोगाने. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावायला हव्यात या हिशोबाने त्याचा आकार ठरला आणि नंतर मोजल्यावर तो साधारण १/३५ भरला. १९६८ मध्ये तामियाने याच मापात सैनिकांची मालिका सुरू केली. तिची सुरुवात जर्मन रणगाड्याच्या चमूपासून झाली. पुढे जीप आली, पायदळ आलं, पाळीव प्राण्यांचा संचसुद्धा आला. पाच सेंटिमीटरच्या माणसाला भुवया रंगवता येतात, आणि तिथून विनोदाची सोय झाली.

देखावा रचायचा कसा, हे एका पिढीला शेपर्ड पेन या अमेरिकन मॉडेलकाराने शिकवलं. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटबरोबर, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचाबरोबर, त्याच्या डायोरामांची रंगीत पत्रकं येत. किटच्या खोक्यातून मिळालेला पत्रकातला कोसळलेल्या बी-१७ बॉम्बफेकी विमानाचा देखावा पाहून कित्येकांना पहिल्यांदा कळलं की मॉडेल गोष्ट सांगू शकतं. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनने वॉश (खाचांत पातळ रंग सोडणं) आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणं) यांचं तंत्र लोकप्रिय केलं. चिखल, गंज, धूळ खरीखुरी दिसू लागली. विली आणि जोला चिखलाशिवाय उभंच करता येत नाही, त्यामुळे व्यंगचित्रांचे डायोरामा या तंत्राचे मोठे ऋणी आहेत.

एक अडचण मात्र किटने वाढवून ठेवली. खोक्यातले सैनिक बहुधा धावताहेत, नेम धरताहेत, हात उंचावून हुकूम देताहेत. कंटाळलेला, बसलेला, बूट काढून पाय चोळणारा सैनिक क्वचितच मिळतो. मग कंबरेतून, खांद्यातून, गुडघ्यातून कापायचं, हवं तसं वाकवायचं, फटी पुट्टीने भरायच्या आणि कापडाच्या चुण्या नव्याने कोरायच्या. हॉर्नेटसारख्या कंपन्यांची रेझिनची सुटी डोकी इथे कामाला येतात. माझा आग्रह असा की बदल फक्त माणसात करावा. जीपचे नट, रायफलचा पट्टा, हेल्मेटची जाळी खऱ्याबरहुकूमच हवी. मॉल्डिन आणि बेअर्न्सफादर दोघेही आघाडीवर राहिलेले होते. त्यांच्या चित्रांतला चिखल त्यांनी स्वतः तुडवलेला होता, आणि आघाडीवरचे सैनिक त्यांना आपलं मानत ते यामुळेच. सामान खोटं दिसलं तर प्रसंगही खोटा वाटतो. आणि हसायचं ते पावसावर, हुकमांवर, थंड जेवणावर, कधीच मेलेल्या माणसावर नाही. नाझी राजवटीची चिन्हं गमतीच्या देखाव्यात वापरताना तर फार जपायला हवं. जर्मनीत स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंधनं आहेत आणि तिथल्या किटमधल्या डेकल शीटवरून ती चिन्हं वगळलेली असतात.

जपानमध्ये विनोदाने वेगळी वाट धरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हासेगावा या मॉडेल कंपनीने अंड्याच्या आकाराची गुबगुबीत लढाऊ विमानं काढली. इथे प्रसंग नाही, यंत्रच गमतीदार. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडेल ग्राफिक्स’ मासिकात ॲनिमेशनपटांचा दिग्दर्शक हायाओ मियाझाकी रणगाडे आणि विमानांबद्दल सचित्र लिहू लागला. त्यात अनेक सैनिकांना डुकरांची तोंडं होती, पण यंत्रांचे तपशील अभ्यासूनच काढलेले. चिनी कंपनी मेंगने गेल्या दशकात ‘वर्ल्ड वॉर टून्स’ नावाने आखूड, फुगीर रणगाडे आणले. ते गोंद न लावता जुळतात, त्यामुळे नवख्यांचं त्यावर प्रेम बसतं. या गाड्यांबरोबर नेहमीचे १/३५ चे सैनिक मात्र शोभत नाहीत, त्यांनाही मोठं डोकं आणि आखूड पाय लागतात.

असे सैनिक आता संगणकावर कोरून रेझिन प्रिंटरवर काढता येतात. त्यामुळे सगळ्यांत जास्त बदल चेहऱ्यांत झालाय. पूर्वी सुटी डोकी विकत घेऊन, त्यांतलं त्यातल्या त्यात जवळचं निवडून, मिशा पुट्टीने वाढवाव्या लागत. आता एकच चेहरा थोडा वैतागलेला, मग जास्त वैतागलेला, मग पार हताश असा तीन प्रकारे छापून पाहता येतो आणि बेसवर ठेवून ठरवता येतं की खड्ड्यात बसलेल्या मिशाळ सैनिकाच्या तोंडी कोणता शोभतो.