शालेय ग्रंथपाल आणि बहुविध बालग्रंथसंग्रह (मुंबई)

शाळेतल्या प्रत्येक मुलाची भाषा, घर, वस्ती, शारीरिक गरज आणि आवड ध्यानात घेऊन ग्रंथपालाने निवडलेला आणि मुलांच्या हाती फिरता ठेवलेला पुस्तकांचा साठा म्हणजे बहुविध बालग्रंथसंग्रह. मुंबईत असा संग्रह एकट्याने उभा करता येत नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्याच शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात, आणि कित्येकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात. या सगळ्या भाषांतली पुस्तके स्वतः वाचून पारखेल असा ग्रंथपाल कुठून मिळणार? म्हणून या शहरात संग्रहाची विविधता आणि ग्रंथपालांचा आपसातला संपर्क हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत.

या विचाराचा भारतीय पाया ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत आहे. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही त्यांतली दोन सूत्रे येथे थेट लागू पडतात. पुढे १९९० मध्ये अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी बालसाहित्याला आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार म्हटले: मुलाला पुस्तकात स्वतःचे जगणे दिसावे, दुसऱ्याचे दिसावे आणि त्या दुसऱ्या जगात पाऊलही टाकता यावे.

मुंबईतल्या मराठी शाळांच्या कपाटांना हा निकष लावला की एक उणीव ठळक दिसते. चरित्रांच्या फळीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले असतात, आणि ते असलेच पाहिजेत. गोष्टींच्या फळीवर मात्र बराच काळ अंगण असलेले घर, सुट्टीत मामाचे गाव आणि पांढरपेशा कुटुंब यांचेच राज्य राहिले. मानखुर्द-गोवंडीच्या वस्तीतली, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली किंवा आई-वडिलांबरोबर बांधकामाच्या जागा बदलत फिरणारी मुले तिथे क्वचितच भेटतात. थोर व्यक्तीचे चरित्र मुलाला अभिमान देते. पण आपल्यासारखेच भांडणारे, घाबरणारे, खोड्या करणारे मूल गोष्टीत भेटणे ही वेगळी गरज आहे आणि ती चरित्राने भागत नाही. चांगला ग्रंथपाल म्हणूनच दोन्ही फळ्या वेगवेगळ्या तपासतो.

नवी पुस्तके आणण्याइतकेच जुनी बाद करणे महत्त्वाचे. आदिवासींना ‘रानटी’ म्हणणारी, सावळ्या रंगाची किंवा अपंगत्वाची टर उडवणारी पुस्तके अनेक जुन्या संग्रहांत टिकून आहेत, कारण दाखल नोंदवहीतले, म्हणजे शाळेची मालमत्ता म्हणून नोंदलेले, पुस्तक काढून टाकायचे तर मंजुरी आणि कागदपत्रे लागतात. हरवलेल्या प्रतीचा जाब द्यावा लागेल या धास्तीने कपाटाला कुलूप लागते तेही याच व्यवस्थेमुळे. पुस्तके फाटणे आणि काही गहाळ होणे हा वापराचा खर्च आहे, हे मुख्याध्यापकांनी मान्य केल्याशिवाय संग्रह कितीही वैविध्यपूर्ण असला तरी मुलांपर्यंत पोहोचत नाही.

कायद्याने चित्र अर्धेच पूर्ण केले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. ग्रंथपालाचा उल्लेख त्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ हा सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे, शालेय ग्रंथालयांसाठी नाही. अनुदानित माध्यमिक शाळांत पूर्णवेळ की अर्धवेळ ग्रंथपाल हे विद्यार्थीसंख्येवर ठरते. प्राथमिक शाळेत हे काम बहुधा एखादी शिक्षिका वर्ग सांभाळून करते.

पुस्तके मिळवण्याच्या वाटा भाषेगणिक बदलतात. मराठीसाठी दादर आणि गिरगाव, गुजरातीसाठी काळबादेवी, उर्दूसाठी भेंडीबाजार असा ग्रंथपालांचा फेरा असतो. तमिळ, तेलुगू, कन्नड पुस्तके बहुतांशी त्या-त्या राज्यांतून मागवावी लागतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आणि २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सची पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघत असल्याने मिश्र माध्यमांच्या इमारतीत विशेष उपयोगी पडतात: तीच गोष्ट मराठी आणि उर्दू वर्गातली मुले आपापल्या लिपीत वाचू शकतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. ब्रेलसाठी १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचा आधार आहे.

मांडणीतही प्रश्न आहेत. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ वर, गुजराती ८९१.४७ वर, तर तमिळ ८९४.८११ वर जाते. सातवीतल्या मुलाला हे आकडे काही सांगत नाहीत. त्यामुळे भाषेनुसार फळ्या आणि वाचनाच्या पातळीनुसार रंगीत पट्ट्या ही सोय अधिक चालते, आणि ती योग्यच आहे.

शाळेत शिक्षकांना शिक्षककक्ष असतो, ग्रंथपाल मात्र बहुधा एकटाच असतो. चर्चगेटच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण मिळते, पण ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत भर वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे) आणि व्यवस्थापनावर असतो. मुलांसमोर गोष्ट मोठ्याने कशी वाचावी हे सहकाऱ्यांकडे पाहूनच शिकावे लागते. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने ग्रंथालय-शिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करून ही पोकळी काहीशी भरली. रंगनाथन यांचा जन्मदिन १२ ऑगस्ट आणि वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबर हे एकत्र येण्याचे ठरलेले प्रसंग. खरी उपयुक्त देवघेव वर्षभर चालते. उर्दू शाळेतली ग्रंथपाल मराठी शाळेतल्या सहकाऱ्याला सांगते की अमुक अनुवाद मुलांना अडखळवतो. तो तिला सांगतो की तमुक पुस्तकातले चित्र मुलींना फक्त स्वयंपाकघरातच दाखवते. अशा शेऱ्यांची सामायिक वही, फिरती पुस्तकपेटी आणि खरेदीआधी एकमेकांची यादी वाचणे या गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो वेळ, आणि अर्धवेळ ग्रंथपालाकडे नेमकी त्याचीच चणचण असते. म्हणून या भेटींचा वेळ कामाच्या तासांत धरणे ही संग्रह सुधारण्याची पहिली अट आहे. पुस्तकांसाठीच्या अनुदानाचा विचार त्यानंतर येतो.