खुबा दुखतो : सुई घ्यावी की व्यायाम करावा?

खुब्याच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागतं, नेमकं तिथंच दाबलं की दुखतं आणि त्या कुशीवर झोपवत नाही? मग दोष बहुतेक सांध्याचा नसून कुल्ल्याच्या स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांचा असतो. गावात याला ‘नस धरली’ म्हणतात. (सांधा झिजला तर दुखणं सहसा जांघेत येतं.) चाळिशी-साठीतल्या बायांना हे जास्त होतं.

स्टेरॉईडची सुई दुखणं दाबते, कंडरा मजबूत करत नाही. गफलत इथंच होते. आराम पडला की बाई लगेच वावरात कापूस वेचायला जाते, पण कंडरा तेवढाच कमजोर असतो. पुन्हा दुखतं, पुन्हा सुई. वारंवारच्या सुयांनी कंडरा आणखी कमजोर होऊ शकतो. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते.

व्यायामाला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 8 आठवड्यांनी बरं वाटणारे व्यायामाच्या गटात 100 पैकी 77 होते, सुईच्या गटात 58. वर्षानंतर दुखण्याची तीव्रता मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, हेही सांगायला हवं.

सुरुवात अशी करा. उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी घ्या, गुडघ्यांच्या वर मांड्यांभोवती दुपट्टा बांधा आणि मांड्या हलकेच बाहेर दाबा. 10 सेकंद धरायचं, 5 वेळा, दिवसातून दोनदा. जोर लावू नका. इथं बहुतेकजण घाई करून बिघडवतात. जमू लागलं की गुडघे वाकवून कंबर उचलणं, मग खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तरी चालेल, पण त्या रात्री किंवा सकाळी वाढलं तर पुढच्या वेळी निम्मं करा.

ताण देऊन ‘नस मोकळी’ करू नका, त्यानं कंडरा हाडावर उलट जास्त दाबला जातो. एका पायावर भार देऊन कंबर लचकवून उभं राहणं, पायावर पाय टाकून बसणं, हेही तसंच. कुशीवर झोपलात तर दुखरी बाजू वर ठेवा आणि गुडघ्यांमध्ये जाड गोधडी घ्या.

झोपच लागत नसेल आणि व्यायाम जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून एक सुई घ्यायला हरकत नाही; मात्र आराम पडताच दुपट्टा बांधा. पडल्यानंतर पायावर भारच देववत नसेल किंवा ताप असेल, तर आधी तपासून घ्या.