नॉक्स सेन्सरला अमोनिया वेगळा ओळखता येत नाही

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की 'नॉक्स' अशी अक्षरं दिसतात आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सेन्सर गेलाय, बदलून टाका." नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि आठवड्याभरात पुन्हा पेटतो. मग नवा सेन्सरच डुप्लिकेट निघाला म्हणून बोंब होते. बिचाऱ्या जुन्या सेन्सरने बहुतेकदा आपलं काम चोख केलेलं असतं.

स्कॅनरवर दिसणारा कोड ही नुसती तक्रार असते. पी-२०-ईई हा कोड एवढंच सांगतो की धूर स्वच्छ करणाऱ्या एससीआर या उत्प्रेरकात नॉक्स हा घातक वायू पुरेसा कमी होत नाहीये, असं गाडीच्या संगणकाला वाटतंय. का होत नाही, ते आपण शोधायचं.

नॉक्स म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं. सिलिंडरमधल्या प्रचंड तापमानात हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ती बनतात. त्यांना मोडायला एससीआरच्या आधी धुरात युरियाचं ३२.५ टक्के द्रावण फवारतात. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया नॉक्सला भिडतो आणि नायट्रोजन व पाणी उरतं. सहसा एक नॉक्स सेन्सर एससीआरच्या आधी असतो, तो पुढचा; एक नंतर, तो मागचा.

आता या सेन्सरच्या पोटात शिरू, कारण खरी मौज तिथे आहे. आत झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडची, सिरॅमिक पट्टी असते. झिर्कोनियात थोडा यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळला की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. पट्टी चांगली तापली की ऑक्सिजनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) त्या रिकाम्या जागांतून उड्या मारत पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र ही वाट जवळपास बंद असते. वॉल्टर नर्न्स्टने १८९७ च्या सुमारास याच जातीच्या पदार्थाचा दिवा बनवला होता. सेन्सरमध्ये ही पट्टी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवतात आणि व्होल्टेज लावून तिचा ऑक्सिजनचा पंप करतात.

पंप हवाच कशाला? हिशेब करा. धुरात १० टक्के ऑक्सिजन म्हणजे १,००,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). नॉक्स समजा २०० पीपीएम. तो मोडला तर ऑक्सिजन निघणार १०० पीपीएम. हजारात एक! म्हणून सेन्सरच्या आतल्या दोन छोट्या खोल्यांपैकी पहिल्या खोलीत मूळचा ऑक्सिजन जवळजवळ सगळा उपसून टाकतात. नायट्रोजन डायऑक्साइडचा तिथेच नायट्रिक ऑक्साइड होतो. दुसऱ्या खोलीतला ऱ्होडियमयुक्त इलेक्ट्रोड त्याचे तुकडे करतो, सुटलेला ऑक्सिजन पंपाने बाहेर जातो आणि त्या पंपाचा विद्युतप्रवाह म्हणजे आपलं नॉक्सचं मोजमाप. थोडक्यात, नॉक्स सेन्सर मोजतो ऑक्सिजनच.

गोम अशी, की पहिल्या खोलीत अमोनिया शिरला तर तो तिथल्या ऑक्सिजनशी जळून त्याचाही नायट्रिक ऑक्साइड होतो. पुढे तो नॉक्स म्हणूनच मोजला जातो. युरियाचा इंजेक्टर गळत असेल, तर एससीआरमधून निसटलेला अमोनिया मागच्या सेन्सरवर नॉक्स होऊन दिसतो. यात संगणकाने अजून युरिया सोडला तर आगीत तेलच.

मग ओळखायचं कसं? स्कॅनरवरून युरियाची फवारणी थोडा वेळ बंद ठेवायची. मागच्या सेन्सरचा आकडा उतरला तर तो अमोनिया होता, चढला तर नॉक्सच. उत्प्रेरकात साठलेला अमोनिया संपला की पुढचा आणि मागचा सेन्सर जवळपास सारखंच दाखवू लागतात, कारण मध्ये नॉक्स खाणारं कोणी उरलेलं नसतं. तरीही दोघांत मोठी तफावत असेल, तेव्हा कुठे सेन्सरवर संशय घ्यावा. आणखी एक परीक्षा उतारावर होते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तुटतं, म्हणजे नवा नॉक्स बनायलाच नको. तेव्हाही पुढचा सेन्सर ८० पीपीएमवर अडून बसला असेल तर त्याचं शून्य सरकलंय.

मल्टिमीटरने नॉक्सचा सिग्नल मोजायला जाऊ नका. तो प्रवाह मायक्रोअँपिअरच्या घरातला, म्हणून सेन्सरसोबतच एक डबी असते आणि ती आकडा संगणकाला डिजिटल संदेशाने कळवते. आपण तपासायचं ते कनेक्टर, पुरवठा आणि अर्थिंग. थंड इंजिनावर सेन्सर काही मिनिटं गप्प असतो, तो बिघाड नाही. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकेल, म्हणून धुराची नळी कोरडी होईपर्यंत त्याला पूर्ण तापवतच नाहीत.

बॅटरीची तार काढून लावणं, कोड पुसणं हे तोडगे म्हणजे ताप मोजल्यावर थर्मामीटर झटकण्यासारखं. सेन्सरच्या जागी खोटा आकडा पाठवणारी यंत्रंही विकली जातात. त्यांनी धूर तसूभरही स्वच्छ होत नाही. टाकीत ओतायच्या जादुई बाटल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बाकीच्या सेन्सरांची परीक्षा सोपी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर एक्झॉस्टमधल्या सगळ्या तापमान सेन्सरांनी बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवायला हवं. एकटाच ४० अंशांनी वर असेल तर चोर सापडला. काजळी अडवणाऱ्या डीपीएफचा दाबफरक सेन्सर इंजिन बंद असताना शून्यावर हवा. त्याच्या दोन नळ्याही हाताने चाचपा. डीपीएफच्या आधीची नळी चिरली, तर सेन्सरला दाब कमी दिसतो आणि काजळीने भरलेला फिल्टर रिकामा भासतो.