अपंगत्व पेन्शन नाकारल्यास अपील कसे करावे

अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळल्याचे पत्र आले की प्रकरण संपले, असे समजून मुंबईतील अनेक माजी सैनिक ते पत्र ट्रंकेत ठेवून देतात आणि अपिलाची मुदत निघून जाते. नकाराचे कारण बहुधा दोनपैकी एक असते: अपंगत्व 20 टक्क्यांपेक्षा कमी ठरलेले असते, किंवा आजार सेवेमुळे उद्भवला नाही आणि बळावलाही नाही, असा शेरा असतो.

पहिले अपील नकारानंतर सहा महिन्यांच्या आत करायचे असते. जवानांनी ते आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयामार्फत पाठवावे. तेही फेटाळले गेल्यास पुढील सहा महिन्यांत दुसरे अपील करता येते. मधल्या काळातील विनंतीपत्रांनी ही मुदत वाढत नाही, म्हणून विषयाच्या ओळीत ‘पहिले अपील’ असेच लिहावे.

खरी अडचण सेवामुक्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सैनिकाची तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या कागदांची आहे. ते बहुतेकांजवळ नसतात आणि त्यांच्याविना अपिलात ‘दावा मंजूर करावा’ यापलीकडे काही लिहिता येत नाही. नकाराचे पत्र मिळताच रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून ते मागावेत; उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. सैनिकाला स्वतःच्याच आजाराचे कागद असे मागावे लागणे अन्यायाचे आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही. दुखापत असल्यास त्या वेळचा दुखापत अहवालही मागावा.

कागद हाती आल्यावर बोर्डाच्या मताचा रकाना पाहावा. रक्तदाबाच्या रुग्णापुढे अनेकदा ‘शांत क्षेत्रात नियुक्ती’ (म्हणजे युद्ध किंवा सीमेवरील मोहीम नसलेल्या ठिकाणी नेमणूक) एवढेच कारण लिहिलेले आढळते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असे गृहीत धरावे आणि बोर्डाने वेगळे मत दिल्यास कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंह प्रकरणात सांगितले. अपिलाचा भर यावरच ठेवावा. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवामुक्त झालेल्यांनी अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम आधी तपासावेत.

अपील फेटाळले गेले, किंवा सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. त्यासाठीही मुदत सहा महिन्यांचीच आहे. उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडावा, परंतु थकबाकी सहसा मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. सोसायटीच्या गेटवर बारा तास ड्युटी करणाऱ्या माजी सैनिकाला या फेऱ्या झेपत नाहीत. त्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत जरूर घ्यावी आणि स्पीड पोस्टची प्रत्येक पावती जपून ठेवावी.